उच्च रक्तदाब: समजून घेताना आणि मोजताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करते. दिवसभरात बीपीचा पट्टा किती जणांच्या दंडाला गुंडाळला जातो त्याची मोजदाद नाही, पण त्यासोबत येणारे प्रश्न बरेचसे तेच असतात. घाईच्या ओपीडीत त्यांची उत्तरं अर्धवट राहतात याची मला खंत आहे. म्हणून ती इथे सवडीने लिहिली आहेत.

बीपी मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

हृदय आकसलं की रक्त जोराने धमन्यांत ढकललं जातं. त्या वेळी धमनीच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं, तरी धमनीत काही दाब उरतोच. तो खालचा आकडा. १२०/८० याचा अर्थ एवढाच.

हे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात. १२० म्हणजे पाऱ्याचा १२० मिलिमीटर उंच स्तंभ उचलून धरील एवढा दाब. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. पाऱ्याऐवजी पाणी घेतलं तर तोच दाब पाण्याला पाच फुटांच्या वर नेऊन ठेवील. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीला काचेची लांब नळी जोडून पाहिली, तेव्हा रक्त आठ फुटांवर चढलं होतं. १७३३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. दंडाला पट्टा बांधून मोजायची युक्ती इटलीच्या रिवा-रोच्ची यांची, १८९६ सालची. स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकायची पद्धत रशियन डॉक्टर कोरोटकॉफ यांनी १९०५ मध्ये दिली. हवा सोडताना पहिली ‘टक’ ऐकू येते तो वरचा आकडा आणि आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. हाताने मोजणारे डॉक्टर आजही हेच करतात.

वरचं बीपी महत्त्वाचं की खालचं?

दोन्ही. पण पन्नाशीनंतर वरच्याकडे जास्त लक्ष द्या. वय वाढतं तशा मोठ्या धमन्या ताठर होतात, वरचा आकडा चढत जातो आणि खालचा तिथेच राहतो किंवा उतरतो. १६५/७५ बघून “खालचं तर नॉर्मल आहे ना?” असं म्हणत गोळी टाळणारे आजी-आजोबा मला दर आठवड्याला भेटतात. पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका या १६५ मुळेही तितकाच खराखुरा असतो.

किती झालं की ‘हाय’ म्हणायचं?

दवाखान्यात नीट मोजलेलं बीपी वेगवेगळ्या दिवशी, किमान दोनदा, १४०/९० किंवा त्याहून जास्त भरलं तर त्याला आपल्याकडे उच्च रक्तदाब म्हणतात. दोन्हींपैकी एक आकडा जास्त असला तरी पुरे. घरी मोजताना हीच रेघ १३५/८५ वर येते, कारण घरी माणूस निवांत असतो. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये १३०/८० हीच मर्यादा धरली. त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मुलाचा डॉक्टर एक सांगतो आणि इथला दुसरं, असं होऊ शकतं. त्यात कोणी चुकलेलं नसतं. १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. १२०/८० आणि १४०/९० च्या मधे असाल तर गोळी बहुधा लागणार नाही, पण मीठ, वजन आणि चालणं यांच्याकडे आत्तापासून बघा. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, हृदयविकार होऊन गेला असेल, तर डॉक्टर साधारण १३०/८० च्या आत आणायचा प्रयत्न करतात.

‘शंभर अधिक वय’ हा हिशेब मात्र कायमचा विसरा. सत्तरीत १७० चालतं हे पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. ते चुकीचं आहे.

मला काहीच त्रास नाही. मग बीपी कसं असेल?

उच्च रक्तदाबाची खोड हीच, की बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढलं, घाम आला म्हणजे उतरलं, हे अंदाज फार फसतात. १९०/११० घेऊन शेतात दिवसभर राबलेला माणूस मी पाहिला आहे. तो आला होता पायाला काटा रुतला म्हणून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांचं आणि २१ टक्के स्त्रियांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यासाठी गोळी चालू होती. म्हणजे साधारण दर चार-पाच माणसांत एक. त्रास होईतो थांबलं तर पहिला ‘त्रास’ पक्षाघाताचाच असू शकतो. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, हृदयाचा स्नायू हे सगळं त्याआधी वर्षानुवर्षं आतल्या आत झिजत असतं. वयाच्या अठराव्या वर्षानंतर अधूनमधून आणि तिशीनंतर दरवर्षी, काही होत नसलं तरी, मोजून घ्या.

मोजायची बरोबर पद्धत कोणती?

या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम लांबवणार आहे. चुकीचं मोजलेलं बीपी न मोजण्याइतकंच घातक ठरतं. त्यावरून कुणाला नको असलेली गोळी सुरू होते आणि कुणाची हवी असलेली राहून जाते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, विडी-सिगारेट नको, व्यायामही नको. इथे मिश्रीचं नाव मुद्दाम घेते, कारण बायका ती तंबाखूत धरतच नाहीत. सकाळी दातांना मिश्री लावली, चूळ भरली आणि लगेच पट्टा बांधला, तर आकडा वर जाणारच. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या. भरलेल्या मूत्राशयाने बीपी चढतं, आणि रांगेतला नंबर जाईल म्हणून तसंच बसून राहणारे खूप असतात.

मग खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. मोबाइल बघायचा नाही. पायावर पाय नको, त्यानेही आकडा काही अंकांनी वाढतो. हात टेबलावर असा ठेवायचा की दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीला, म्हणजे छातीच्या मध्यावर येईल. हात खाली लोंबत राहिला तर दर दहा सेंटिमीटरला सात-आठ अंक फुकटचे वाढतात. स्वतःच हात उचलून धरला तर स्नायू ताणले जाऊन वाढतं. उशी, घडी केलेली चादर, पोथीचं स्टँड, काहीही चालेल, पण हाताला खालून आधार हवा.

पट्टा उघड्या दंडावर बांधा. शर्टाची बाही किंवा पोलक्याची घट्ट बाही वर सरकवली की तिचा दंडाभोवती आवळ पडतो, आणि मग आकड्याचा भरवसा राहत नाही. आमच्याकडे नऊवारीतल्या एक आजी येतात. त्यांचं बीपी दर वेळी वेगळं भरायचं. एकदा सिस्टरने पोलकं काढून अंगावर शाल दिली, हात मोकळा करून पुन्हा मोजलं. वीस अंकांचा फरक पडला. त्यानंतर आजी बीपीच्या दिवशी सैल बाहीचं पोलकं घालून येतात. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर हवी, आणि पट्ट्याखाली एक-दोन बोटं जेमतेम सरकतील इतकाच तो घट्ट हवा.

मोजणं चालू असताना बोलू नका. बोलण्याने दहा अंकांपर्यंत फरक पडतो, आणि नेमकं त्याच वेळी “जेवण कसं आहे, झोप लागते का” असं विचारायची सवय आम्हा डॉक्टरांनाही असते. तुम्ही हाताने खूण करा, आम्ही थांबू. एकदा मोजून झालं की मिनिटभर थांबून पुन्हा मोजा. पहिला आकडा बहुतेक वेळा थोडा जास्तच येतो. दोन्हींची सरासरी धरा.

घरी खुर्ची-टेबल नाही किंवा आजोबा जमिनीवरच बसतात, तर भिंतीला पाठ टेकवून, पाय सैल सोडून, हाताखाली डबा आणि उशी ठेवून मोजा. तेही जमत नसेल तर निदान रोज एकाच पद्धतीने बसवा आणि वहीत तसं लिहून ठेवा.

माझा दंड जाड आहे. साधा पट्टा चालतो का?

नाही. पट्टा लहान पडला तर आकडा खोटा वाढतो, आणि अतिजाड दंडाला तो पंधरा-वीस अंकांनीही वाढू शकतो. पट्टा फार मोठा झाला तर आकडा खोटा कमी येतो. बाजारात मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. शिंप्याची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा. जास्त भरला तर मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, तो घ्या. पैसे वाचवायची ही जागा नाही.

मशीन कोणतं घ्यावं? पाऱ्याचंच खरं ना?

दंडाला बांधायचं, आपोआप हवा भरणारं डिजिटल मशीन घ्या. त्याची शास्त्रीय पडताळणी झालेली असावी. स्ट्राइड बीपी या संकेतस्थळावर अशा मशीनची यादी मॉडेल क्रमांकासह बघायला मिळते. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, खोक्यावरचा मॉडेल क्रमांक यादीशी जुळवा.

पाऱ्याचं यंत्र चांगलंच होतं, पण पारा विषारी आहे. पाऱ्याबाबतच्या मिनामाता करारानंतर अशी उपकरणं जगभरातून हळूहळू मागे पडत आहेत. मनगटाची मशीन मी सुचवत नाही. मनगट हृदयाच्या पातळीला नेमकं धरणं बहुतेकांना साधत नाही. स्मार्ट घड्याळ चालण्याची पावलं मोजायला ठीक, त्यावर गोळीचा डोस ठरवू नका. ठोके अनियमित पडण्याचा आजार असेल तर डिजिटल मशीन चुकू शकतं. अशा वेळी तीनदा मोजून सरासरी काढा आणि अधूनमधून डॉक्टरांकडून स्टेथोस्कोप लावून मोजून घ्या. वर्षातून एकदा आपलं मशीन दवाखान्यात न्या आणि तिथल्या मशीनशी ताडून बघा.

दोन्ही हातांचं बीपी वेगळं येतं. कोणता हात धरायचा?

पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. ज्या हाताचं जास्त, तो यापुढचा तुमचा हात. चार-पाच अंकांचा फरक किरकोळ आहे. वरच्या आकड्यात दहाच्या वर फरक सतत दिसत असेल तर डॉक्टरांना सांगा, वीसच्या वर असेल तर नक्कीच, कारण एका बाजूची धमनी अरुंद झालेली असू शकते.

दवाखान्यात १६०, घरी १२८. यातलं खरं कोणतं?

दोन्ही खरे असू शकतात. डॉक्टरचा पांढरा कोट, औषधांचा वास, बाहेरची गर्दी यांनी काही जणांचं बीपी तेवढ्यापुरतं चढतं. अशांना लगेच गोळी लागत नाही, पण त्यांच्यातल्या काहींचं बीपी पुढे खरोखर वाढतं. म्हणून त्यांना विसरून चालत नाही. याच्या उलटही असतं, दवाखान्यात १२६ आणि घरी-कामावर १५०. मला याची जास्त काळजी वाटते, कारण तो माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. रात्रपाळी, सततचा ताण, तंबाखू, झोपेत श्वास अडकणं यांपैकी काही असेल तर घरी मोजल्याशिवाय हे सापडत नाही. शंका राहिली तर चोवीस तास पट्टा बांधून ठेवायची तपासणी असते. त्यात झोपेतलं बीपीही कळतं. पूर्ण दिवस-रात्रीची सरासरी १३०/८० च्या आत असायला हवी.

घरी किती वेळा मोजायचं?

निदानासाठी किंवा गोळी बदलल्यावर सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, दर वेळी दोनदा. सकाळचं मोजणं गोळी आणि नाश्ता घेण्याआधी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. तीच डॉक्टरांच्या कामाची. बीपी आटोक्यात आलं की महिन्यातून दोन-चार दिवस मोजलं तरी पुरतं.

दिवसातून दहा वेळा मोजणाऱ्यांना मात्र मी मशीन कपाटात ठेवायला सांगते. आकडा बघून घाबरायचं, घाबरल्याने तो वाढायचा, वाढला म्हणून पुन्हा मोजायचं. यात माणूस खंगतो. बीपी मिनिटामिनिटाला बदलतं. जिना चढलात, कुणावर रागावलात, थंडी पडली की वाढतं. एकेका आकड्यावर जाऊ नका, आठवड्याची सरासरी बघा.

रात्री अचानक १८० च्या वर दिसलं. काय करायचं?

आधी माणसाकडे बघा, मग मशीनकडे. छातीत दुखतंय का, दम लागतोय का, तोंड वाकडं झालंय का, एक हात किंवा पाय लुळा पडलाय का, बोलणं बोबडं होतंय का, नजर अंधारतेय का, असह्य डोकेदुखी आहे का, फिट (आकडी) आली का? यांतलं एकही असेल तर पुन्हा मोजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात न्या. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा.

यांतलं काहीच नसेल तर दिवे मंद करा, शांत बसवा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. बऱ्याचदा आकडा उतरलेला असतो. आजची गोळी राहून गेली असेल तर ती घ्या. राहिली नसेल तर आपल्या मनाने दुसरी घेऊ नका. १८०/१२० च्या वरच राहत असेल तर त्याच रात्री आपल्या डॉक्टरांना फोन करा, नाहीतर सकाळी पहिल्यांदा तिथे जा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बीपी उतरवणाऱ्या निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवायची रीत अजूनही काही ठिकाणी चालू आहे. त्याने बीपी एकदम कोसळतं. मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडून उलट पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो. शेजारच्या कुणाला गुण आला असेल, तरी करू नका.

मीठ बंद करायचं का?

बंद नाही, कमी. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसासाठीचं प्रमाण दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, तोही दिवसभरातलं सगळं धरून. आपण त्याच्या दुपटीच्या आसपास खातो.

आपलं पान वाढताना पहिलं काय वाढतात ते आठवा. मीठ. मग डावी बाजू: लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, पापड, कुरडई. मीठ कमी करायचं म्हटलं की लोक उजव्या बाजूच्या भाजी-आमटीतलं तेवढंच कमी करतात, आणि डावी बाजू जशीच्या तशी राहते. माझा सल्ला उलटा आहे. आमटी-भाजीत मीठ थोडं कमी करा, पण कात्री चालवा ती डाव्या बाजूवर. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखार, आणि तोही सोडियमच. सांडगी मिरची, खारवलेली कैरी, वेफर्स, फरसाण, बिस्किटं, पाव, सॉस हे सगळं त्याच हिशेबात धरा. कोकणात सुके बोंबील, सुकट, खारे मासे. ते आवडीचे आहेत हे मला ठाऊक आहे. आठवड्यातून एकदा खा आणि भिजवून, दोन पाण्यांतून पिळून मग शिजवा.

घरचा मिठाचा हिशेब काढायची सोपी युक्ती आहे. चार मोठी माणसं असतील तर दिवसाला वीस ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी किमान पन्नास दिवस पुरली पाहिजे. पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर पेनने तारीख लिहा. एक ताई हे करून आल्या. त्यांची पिशवी एकवीस दिवसांत संपली होती, आणि त्यात बाहेरचं खाणं धरलेलंच नव्हतं. त्या हादरल्या. जेवणाच्या टेबलावरची मिठाची वाटी त्यांनी स्वतःच उचलली.

चव जाईल ही भीती पहिले तीन-चार आठवडे. नंतर जिभेला सवय होते. आमसूल, लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर, लसूण, भाजलेलं जिरं यांनी मीठ कमी असलेलं जाणवत नाही.

उपवासाचं सैंधव बीपीला चालतं ना?

सैंधव हेही मीठच, जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड. रंग वेगळा म्हणून जास्त घालू नका. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं, ते बीपीला खरोखर मदत करतं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीला चढू शकतं. अशांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

गोळी एकदा सुरू झाली की आयुष्यभर? सवय लागते का?

सवय लागत नाही. चष्मा लावला म्हणून डोळ्यांना सवय लागली असं आपण म्हणत नाही. गोळी घेतोय तोवर दाब आटोक्यात राहतो, सोडली की बहुतेकांचा पुन्हा चढतो, एवढंच. “बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली,” हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. ते नॉर्मल गोळीमुळे आलेलं असतं. माझ्या एका पेशंटने लग्नसराईच्या धावपळीत दोन महिने गोळी सोडली, आणि मला ते कळलं थेट त्यांच्या उजव्या हातातलं बळ गेल्यावर.

वजन उतरवलं, मीठ आणि दारू कमी केली, रोज अर्धा तास भरभर चालले, अशा काहींचा डोस कमी करता येतो, क्वचित गोळी थांबवताही येते. कमी झालेल्या दर किलोमागे साधारण एक अंक उतरतो. पण ते डॉक्टरांसोबत, मोजत मोजत करायचं. लसूण, बीटाचा रस आवडीने घ्या, गोळीऐवजी नको.

गोळीचा त्रास होत असेल तर तीही सोडू नका, बदलून घ्या. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या पायाला सूज येते, एनॅलाप्रिल-रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागतो. दोन्हींना पर्याय आहेत.

गोळी नियमित घेतो, तरी बीपी उतरत नाही. का?

आधी मोजण्याची पद्धत तपासा, मग मीठ, मग इतर औषधं. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडही बिघडवतात. सर्दीची काही औषधं, स्टिरॉइड, गर्भनिरोधक गोळ्याही वाढवू शकतात. आणि ज्येष्ठमध. घसा बसला की चघळायला आपल्याकडे घराघरात असतं. एखाद्या दिवशी कांडी चघळली तर बिघडत नाही, पण रोज काढा किंवा चूर्ण घेतलं तर शरीरात मीठ साठून बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. डॉक्टर विचारतात तेव्हा ‘घरगुती आहे’ म्हणून ते सांगायचं राहून जातं.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंगणं असेल तर तेही सांगा. आणि तिशीच्या आतच बीपी वाढलं असेल, तर मूत्रपिंड, त्याची धमनी, थायरॉइड, अ‍ॅड्रिनल ग्रंथी तपासून घ्यायला हव्यात. तरुण माणसाला नुसतं ‘टेन्शन घेऊ नको’ सांगून पाठवू नये.

गरोदरपणात बीपी वाढलं तर?

थांबू नका. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० आणि लघवीतून प्रथिनं जात असतील तर तो आई आणि बाळ दोघांना धोक्याचा आजार असतो. १६०/११० म्हणजे त्याच दिवशी रुग्णालय. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, चेहरा-हात एकाएकी सुजणं ही लक्षणं रात्री दिसली तर सकाळची वाट बघायची नाही. बाळंतपणानंतर दीड महिन्यापर्यंत हा धोका राहतो, आणि माहेरी आलेल्या लेकीचं बीपी नेमकं तेव्हाच कोणी मोजत नाही. आधीपासून गोळी चालू असेल आणि दिवस राहिले, किंवा मूल हवं असेल, तर लगेच कळवा. टेल्मिसार्टन, एनॅलाप्रिल, रॅमिप्रिल गरोदरपणात चालत नाहीत. त्याऐवजी सुरक्षित गोळ्या देता येतात.

उठून उभं राहिलं की भोवळ येते. बीपी ‘लो’ झालं का?

होऊ शकतं, विशेषतः वय झालेल्यांना, मधुमेह असणाऱ्यांना, नवी गोळी सुरू झाल्यावर किंवा उन्हाळ्यात जुलाब झाल्यावर. बसून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर डॉक्टरांना दाखवा. तोवर अंथरुणातून उठताना काठावर थोडं बसून मग उठा. घरात वयस्कर माणूस पडून खुबा मोडण्याची सुरुवात पुष्कळदा रात्रीच्या या उठण्यातच असते.

विकतचं मशीन परवडत नाही. कुठे मोजता येईल?

उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, कुठेही, विनामूल्य. तिशीच्या पुढच्यांची यादी आशाताईंकडे असते, त्यांना विचारा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी होता. सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा हे आपले जिल्हे सुरुवातीला त्यात आले. ठरावीक साध्या गोळ्या, महिन्याचा साठा एकदम, आणि पेशंट आला नाही तर त्याचा पाठपुरावा अशी त्याची रचना आहे. या गोळ्या स्वस्त म्हणून हलक्या समजू नका. महागड्या पाकिटातही बहुतेकदा हीच औषधं असतात.

तपासणीला येताना काय आणायचं? त्या दिवशी गोळी घ्यायची का?

वही आणा. तारीख, वेळ, दोन्ही आकडे, नाडीचे ठोके आणि काही वेगळं घडलं असेल तर दोन शब्द: ‘जागरण’, ‘गोळी विसरली’, ‘दाढदुखी’. जास्त आलेले आकडे गाळू नका. काही जण मला बरं वाटावं म्हणून चांगले तेवढेच लिहून आणतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, दुसऱ्या डॉक्टरांची, आयुर्वेदिक, दुखण्यावरची, सगळी. ‘पांढरी, छोटी, गोल’ यावरून गोळी ओळखता येत नाही.

आणि हो, गोळी घेऊन या. ‘तपासायचंय म्हणून आज घेतली नाही’ असं झालं की गोळी लागू पडतेय की नाही हे मला कळतच नाही, आणि मी विनाकारण डोस वाढवण्याची शक्यता असते. रक्ताच्या तपासणीसाठी उपाशी बोलावलं असेल तरी, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, बीपीची गोळी दोन घोट पाण्यासोबत नेहमीच्या वेळी घ्या. साखरेची गोळी तेवढी नाश्त्यापर्यंत थांबवा.